त्रेचाळीस सेंटिमीटरची अकरा माणसं

"हे पाय माझे नाहीत," ती बाई म्हणाली आणि खोलीतले सगळे हसले.

हसण्यासारखं होतंच. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात, दोन लोखंडी दांड्यांच्या मधे उभं राहून, गुडघ्यांखाली दोन कोरेकरकरीत पाय बांधलेल्या बाईनं म्हणावं की हे माझे नाहीत! नवरा तर खुर्चीतून उठूनच हसला. "अगं मग कुणाचे आहेत? शेजारणीचे?"

ती हसली नाही. दांड्या घट्ट धरून समोरच्या आरशात बघत राहिली. धंद्यानं ती केस कापणारी. वीस वर्षं एकाच सलूनमध्ये एकाच खुर्चीमागं उभी राहिलेली. आठ महिन्यांपूर्वी एका ट्रकनं मागं येताना तिचे दोन्ही पाय गुडघ्याखालून नेले.

"मी बुटकी झालेय," ती म्हणाली.

"मॅडम, सवय होते," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज लोण्यासारखा होता. देणगी देणाऱ्यांशी बोलून बोलून तसा झालेला. "सगळ्यांना पहिल्या दिवशी वेगळंच वाटतं."

"वेगळं वाटत नाहीये. बुटकं वाटतंय. मला सलूनमध्ये शिडी म्हणायचे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की मी खुर्चीला चार पंप मारून वर घ्यायची, तरी त्याची टाळू मला वरून दिसायची. माणसं मी तोंडावरून नाही, टाळूवरून ओळखते. आणि हा बघा." तिनं नवऱ्याकडं हनुवटी केली. "अठरा वर्षं संसार केला, ह्याच्या डोक्यावर कुठं टक्कल पडतंय ते त्याच्याआधी मला कळलं. आज त्याचे डोळे बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर आहेत."

"मग वाईट काय त्यात? आलो एकदाचे बरोबरीला," नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तळपायाची आग मस्तकात गेली असती माझ्या, पण तळपायच नाहीत."

या वेळी कुणी हसलं नाही. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. फुकट मिळालेल्या गोष्टीचं माप विचारायचं नसतं, असा एक कायदा आहे जगात. तो कुठं लिहिलेला नाही, पण ज्याला ज्याला काही फुकट घ्यावं लागलंय त्याला तो पाठ असतो. शिडीला तो अजून पाठ झाला नव्हता, एवढंच.

कोपऱ्यात कागदांची फाइल छातीशी धरून पावडरताई उभी होती. चौदा वर्षं ती इथं प्लास्टर ओतायची, केसांत कायम पांढरी पावडर, म्हणून हे नाव पडलं. आता दोन वर्षं ती कॉम्प्युटरवर बसत होती, पण नाव काही धुतलं गेलं नाही. तिनं फाइल उघडली. शिडीची स्लिप वर होती. गुडघ्यापासून जमिनीपर्यंत: डावा त्रेचाळीस, उजवा त्रेचाळीस.

"मोजून बघते," ती म्हणाली.

"काय मोजणार?" मॅनेजरनं विचारलं. "स्लिपवर आहे ना? स्लिपप्रमाणे नळी कापलीय. झालं."

तरी तिनं फीत काढली आणि शिडीच्या पायाशी गुडघ्यावर बसली. त्रेचाळीस. नळी एक केसभरही इकडंतिकडं नव्हती. नळीत चूक नव्हती म्हणजे चूक स्लिपमध्ये होती. आणि स्लिप ज्या प्रोग्रॅममधून निघायची तो प्रोग्रॅम पावडरताईनं लिहिला होता.

एकटीनं. कुणी शिकवलं नव्हतं. आधी एका कंपनीनं प्रोग्रॅम करून दिला होता. त्या मंडळींनी आयुष्यात एकही तुटलेला पाय बघितला नव्हता. गळ्यात ओळखपत्रांच्या पट्ट्या घालून आली, मॅनेजरच्या खोलीत चहा प्यायली आणि गेली. त्यांचा प्रोग्रॅम डाव्या पायाला उजवा बूट द्यायचा. सहा महिन्यांत बंद पडला. तेव्हा पावडरताईनं रद्दीतून एक जाडजूड पुस्तक आणलं आणि रोज जेवणाच्या सुट्टीत, एका हातात पोळी-चमचा जे असेल ते आणि दुसऱ्या हातानं पान दाबून धरत, ती शिकली. पुस्तकातली उदाहरणं सगळी गाड्यांची आणि विद्यार्थ्यांची. तिनं गाडीच्या जागी पाय घातला आणि पुढं गेली.

तिला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कन्स्ट्रक्टर. क्लास हा नुसता आराखडा, कागदावरचा पाय. त्याच्यावरून खरी एकेक वस्तू करायची तर ती कन्स्ट्रक्टरच्या हातून जावी लागते, आणि तो दारातच अडवतो. काय आणलंस? कुणाचा पाय? डावा की उजवा? माप काय? नाही आणलं? मग मागं फिर. अर्धवट वस्तूला तो जन्मालाच येऊ देत नाही. हे तिला वाचता वाचता पटलं, कारण चौदा वर्षं तिनं अर्धवट मापांवर ओतलेलं प्लास्टर छिन्नीनं फोडलं होतं. असा एक दारवान आपल्याकडं असता तर, असं तिला तेव्हा वाटलं होतं. तिनं तो लिहिला. नाव, बाजू आणि धडक्या पायाचं माप. एक पाय शाबूत असला की त्याचं माप घ्यायचं आणि दुसरा तेवढाच करायचा, साधा हिशेब.

मग हिला माप कुठून मिळालं? हिला शाबूत पायच नव्हता.

पावडरताई आपल्या टेबलाशी आली, कोड उघडलं आणि खाली खाली जात राहिली. आणि तिथं तो होता. दुसरा कन्स्ट्रक्टर. रिकामा. दारवानाचा आळशी भाऊ. काही विचारत नाही, हात हलवून सगळ्यांना आत सोडतो आणि ज्याच्याकडं काही नाही त्याच्या हातात स्वतःच्या खिशातलं काहीतरी कोंबतो. बाजू: दोन्ही. माप: ४३. वरच्या ओळीत तिनंच लिहिलेली टीप होती: तात्पुरतं, उद्या काढणे.

तिला तो दिवस आठवला. पहिलाच दिवस. अजून एकही रुग्ण प्रोग्रॅममध्ये घातलेला नव्हता आणि तिला नुसतं बघायचं होतं की स्लिप छापली जाते का. काहीतरी आकडा हवा होता. तिनं शेजारची फीत उचलली होती, आणि—

तिनं पायातली चप्पल काढली. टाच जमिनीवर टेकवली, फितीचं टोक अंगठ्यानं दाबलं आणि गुडघ्याच्या सांध्यापर्यंत ओढलं.

त्रेचाळीस.

शिडीच्या गुडघ्यांखाली पावडरताईचे पाय होते.

मग बाकीचंही आठवलं. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर आठवड्याभरातच नोंदणीवाली बाई कावली होती. दोन्ही पाय गेलेला माणूस आला की मशीन अडून बसतं, माप द्या म्हणतं, माप कुठून देऊ, माझ्या नावानं बाहेर ओरडतात. तेव्हा पावडरताईनं घाईघाईत एक बटण करून दिलं होतं. 'दोन्ही पाय नाहीत.' ते बटण तिनं जोडलं त्या रिकाम्या कन्स्ट्रक्टरला, कारण तो अडवत नव्हता. मशीन अडायचं थांबलं. सगळे खूश. ती स्वतः पण. आळशी भावाच्या खिशात काय आहे हे ती विसरूनच गेली होती.

तिनं यादी काढली. दोन वर्षांत ते बटण अकरा वेळा दाबलं गेलं होतं. अकरा माणसं. पुरुष, बायका, एक निवृत्त पोस्टमन, एक पहारेकरी, एक घरं रंगवणारा रंगारी. शहरात अकरा माणसं पावडरताईच्या पायांवर चालत होती.

रंगाऱ्याच्या नोंदीपाशी ती थांबली. त्याच्या फाइलमध्ये पाहणी करायला गेलेल्याचा शेरा होता: पाय वापरत नाही, पलंगाखाली ठेवले आहेत. रुग्णाची इच्छाशक्ती कमी.

उंची लिहिलेली होती, पाय जाण्याआधीची. एकशे ब्याऐंशी. एवढ्या माणसाला कुणी पावडरताईचे पाय लावले, आणि त्याचा तोल जातो म्हटल्यावर कुणीतरी ऐटीत लिहिलं की इच्छाशक्ती कमी! असले शेरे लिहिणाऱ्यांना एकदा दुसऱ्याच्या पायांवर जिना उतरायला लावलं पाहिजे.

पण शेरा लिहिणारा दुसरा असला तरी आकडा तिचा होता.

ती मागच्या शेडमध्ये गेली. मास्तर नळ्या कापत होते. कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर, कानात कापसाचे बोळे, चष्म्याला दोरी.

"मास्तर, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"की दोन्ही पाय गेलेल्यांची नळी दर वेळी त्रेचाळीसच येते."

मास्तरांनी करवत बंद केली. एका कानातला बोळा काढला. "तुझ्या कॉम्प्युटरचा आकडा आहे. मला वाटलं, शिकली सवरली माणसं, काहीतरी सरासरी काढली असेल."

"सरासरी नाही. माझा पाय आहे तो."

मास्तरांनी तिच्या पायांकडं बघितलं. मग भिंतीला टेकवलेल्या नळ्यांकडं. मग पुन्हा तिच्या पायांकडं. "आयला," ते म्हणाले.

"माझ्याआधी तुम्ही कसं करायचा? दोन्ही गेलेत अशांचं?"

"जुनी पँट आणायला सांगायचो. नाहीतर पायजमा. शिवण मोजायची. ते नसलं तर वाव. हात दोन्हीकडं ताणायचे, या बोटापासून त्या बोटापर्यंत. माणूस हातात जेवढा रुंद तेवढाच जवळपास उंच असतो. माझ्या वहीत तक्ता आहे. त्यातून एक बोट कमी करायचं, तोल सांभाळायला."

"मग थांबवलंत का?"

आता मास्तरांचा पारा चढला. "का म्हणजे? मॅनेजरनं सांगितलं, मास्तर, इथून पुढं स्लिपप्रमाणे कापायचं, डोकं लावायचं नाही. पहिल्या वेळी एकाची पँट घेऊन मी तुझ्या त्या नोंदणीवालीकडं गेलो. ती म्हणाली, फॉर्ममध्ये हे कुठं भरू? तूच सांग, तुझ्या फॉर्ममध्ये पँटला जागा कुठं होती?"

पावडरताईच्या फॉर्ममध्ये ती नव्हतीच. दारवान उभा करताना तिला वाटलं होतं की तो चुका बाहेर ठेवतोय. त्यानं मास्तरांची वही बाहेर ठेवली होती.

"वही द्याल?"

"देईन. पण परत आण. आणि तेलकट हात लावू नकोस, आधीच तेलकट आहे."

मॅनेजरनं सगळं ऐकून घेतलं. ऐकताना तो पेन उभं आडवं करत होता.

"त्या सलूनवालीची नळी बदला," तो शेवटी म्हणाला. "मास्तरांना सांग, गुपचूप होऊन जाऊ दे. विषय संपला."

"आणि दहा जण?"

"चालतायत ना?"

"एक चालत नाही. पलंगाखाली ठेवलेत त्यानं."

"अगं बाई, त्या दहाही जणांचे फोटो वार्षिक अहवालात गेलेत. हसतानाचे. आता त्यांना फोन करून काय सांगणार? की आमच्या एका बाईनं स्वतःचं तंगडं मोजून घातलं? लोक काय म्हणतील? आणि आधी कुणाचं नाव येईल त्यात? तुझं. सर्टिफिकेट काय आहे तुझ्याकडं? काही नाही. मी तुला त्या खुर्चीत बसवलं हीच माझी चूक निघेल."

तो खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. पावडरताईकडं कागदाचा एक कपटा नव्हता. ही खुर्ची गेली तर दुसरीकडं कुणी तिला कॉम्प्युटरच्या जवळपासही फिरकू दिलं नसतं. ती बेचाळीस वर्षांची होती. प्लास्टरनं बोटं चिरलेली, खोकला कायमचा. त्या खुर्चीत बसल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणीतरी प्रश्न विचारायला यायला लागलं होतं, नुसतं "ए, पाणी घाल" म्हणायला नाही. ते तिला हवं होतं. कुणाला नको असतं?

"विचार कर," मॅनेजर म्हणाला. "एकीचं कर. बाकीच्यांच्या सुखात खडा कशाला टाकतेस?"

ती टेबलाशी आली. विचार करायचा म्हणून बसली आणि कोड लिहायला लागली, कारण तिला विचार तसाच करता यायचा.

आधी सोपं वाटलं. पुस्तकात त्याला ओव्हरलोडिंग म्हणतात. एकाच नावाचे अनेक कन्स्ट्रक्टर लिहायचे. कोणी काय घेऊन आलंय ते बघून मशीन त्यातला योग्य तो निवडतं. एकच दार, पण येणाऱ्याच्या हातात काय आहे त्याप्रमाणे वेगळा माणूस पुढं येतो. पुस्तकात हे वाचताना तिला वाटलं होतं, ही नुसती सोय आहे, आळशी लोकांची. आता पहिल्यांदा तिला त्याची गरज काय ते दिसलं. पाय सगळ्यांना पायच हवा असतो. पण सगळे एकच पुरावा घेऊन येत नाहीत.

तिनं लिहिलं. पहिला: नाव, बाजू, एक आकडा, म्हणजे धडक्या पायाचं माप. दुसरा: नाव, बाजू, एक आकडा, म्हणजे वाव.

मशीननं लाल रेघ मारली. असा कन्स्ट्रक्टर आधीच आहे.

"नाहीये," ती मोठ्यानं म्हणाली. "हा वेगळा आहे."

मशीनला तो वेगळा दिसत नव्हता. त्यानं तिची कंसातली नावं वाचलीच नव्हती. त्याला नुसते प्रकार कळत होते. इथं एक आकडा, तिथंही एक आकडा. एक पंचेचाळीस, एक एकशे साठ, त्याला दोन्ही सारखेच. ती बराच वेळ त्या लाल रेघेकडं रागानं बघत बसली. तेवढ्यात मास्तर वही परत मागायला आले आणि तिच्या खांद्यावरून डोकावले.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय की धडक्या पायाचं माप आणि वाव ही एकच गोष्ट आहे."

"मूर्खच आहे."

"मूर्ख नाही हो. मी त्याला नुसता आकडा दिला. आकडा कशाचा हे मला माहीत आहे, त्याला कुठं सांगितलंय?"

मास्तरांनी चष्मा वर केला. "मग बरोबर आहे त्याचं. नवीन आलेला एक कारागीर होता मागं. मी ओरडून सांगितलं, एकशे सत्तर. ती होती वाव. त्या गाढवानं एकशे सत्तरची नळी काढून ठेवली. ताडाएवढा पाय! मी विचारलं, अरे डोकं आहे का? तो म्हणाला, तुम्ही आकडा सांगितला, कशाचा ते कुठं सांगितलं?"

पावडरताई हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मग हसू थांबलं, कारण मास्तरांनी विनोद सांगितला नव्हता, उत्तर सांगितलं होतं. त्रेचाळीस हा आकडा वाईट नव्हताच. तिच्या स्वतःच्या गुडघ्याखाली तो उत्तम चालत होता. तो कुणाचा आहे हे खोडून नुसता आकडा ठेवला, तिथं सगळं बिघडलं होतं.

तिनं तीन छोटे नवे क्लास केले. धडका पाय. वाव. जुनी पँट. प्रत्येकाच्या पोटात एकच आकडा, पण आता प्रत्येकाला आपली ओळख. मग पायाच्या क्लासला तीन कन्स्ट्रक्टर दिले. एक धडक्या पायाकडून माप घ्यायचा. एक पँट घ्यायचा, शिवण विचारायचा. एक वाव घ्यायचा आणि मास्तरांच्या वहीतला तक्ता लावायचा, एक बोट कमी करून. या वेळी लाल रेघ आली नाही.

आणि मग ती त्या रिकाम्या कन्स्ट्रक्टरपाशी आली. तात्पुरतं, उद्या काढणे.

तो तसाच ठेवून शिडीची स्लिप काढता आली असती. मॅनेजरला हवं होतं तसं. कुणाला कळलं नसतं. बटण तसंच राहिलं असतं, बारावा माणूस आला असता, आणि नोंदणीवाली घाईत असती.

तिनं तो निवडला आणि पुसला.

स्क्रीनवर लाल रेघांचा पाऊस पडला. जिथं जिथं कुणी काही न देता पाय मागत होतं, त्या प्रत्येक ओळीवर मशीन बोट ठेवत होतं: इथं माप नाही. इथंही नाही. दोन वर्षं हे सगळं तिथंच होतं, आणि एकाही ओळीवर एवढासा डाग दिसत नव्हता. पावडरताईला भीती वाटायला हवी होती. तिला बरं वाटलं. एकेक ओळ दुरुस्त करत ती खाली गेली. आता 'दोन्ही पाय नाहीत' दाबलं की मशीन विचारणार होतं: पँट आहे का? नाही? मग हात पसरा. आणि काहीच दिलं नाही तर स्लिप निघणार नव्हती. मॅनेजरनं सांगितलं तरी नाही.

मग तिनं यादीतला पहिला नंबर फिरवला.

पोस्टमनची सून रडली. रंगाऱ्यानं तिला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "म्हणजे माझी इच्छाशक्ती ठीक होती?"

"ठीक होती. पाय माझे होते."

"तुम्ही किती उंच आहात ताई?"

"एकशे बावन्न."

"अरे देवा," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसत सुटले. हसता हसता त्यानं तिला एक सणसणीत शिवीही दिली. तिनं ती घेतली. ती तिचीच होती.

पहारेकरी मात्र भडकला. "खबरदार हात लावाल तर! मी आधी होतो त्यापेक्षा दोन बोटं वाढलोय. आयुष्यात पहिल्यांदा गेटच्या भिंतीपलीकडचं दिसतंय मला."

"पण ते तुमचं माप नाही."

"आता आहे."

फोन ठेवून ती पुन्हा कोडकडं वळली. वहीत, तक्त्यात, कुठंच याला जागा नव्हती. मग तिनं चौथा कन्स्ट्रक्टर लिहिला. माणसाची स्वतःची मर्जी. त्यात आकड्याशेजारी सहीची जागा ठेवली.

गुरुवारी मॅनेजरला कळलं. कळणारच होतं, सकाळी सातपासून पोस्टमनचं अख्खं घर दारात उभं होतं. तो ओरडला नाही. लोण्यासारखाच बोलला. कंपनीची माणसं पुन्हा बोलावलीत, शिकलेली, सर्टिफिकेटवाली. सोमवारपासून तू प्लास्टरला.

"आणि प्रोग्रॅम?"

"तो ते बघतील."

"बघू देत. रिकामा कन्स्ट्रक्टर घालायचा तर त्यांना तो हातानं लिहावा लागेल. आपोआप नाही येणार. आणि वर टीप आहे माझी, अकरा नावांसकट."

मॅनेजरला यातलं अक्षर कळलं नाही, पण अकरा नावं कळली.

शिडी त्याच दुपारी आली. नवऱ्याच्या हातात पिशवी होती आणि चेहरा चोरासारखा.

"पँट आणलीत?" मास्तरांनी विचारलं.

नवऱ्यानं काढून दिली. निळी, चांगल्या कापडाची. मास्तरांनी शिवणीला फीत लावली आणि भुवया वर केल्या. "ही तर आखूड आहे."

"ती… मी कापून घेतली," नवरा म्हणाला. "मला होईल म्हणून. ही म्हणाली होती, आता काय करायचीय मला. नवीकोरी होती हो."

शिडीनं त्याच्याकडं बघितलं. "सगळ्या?"

"चारच होत्या."

"चारही?"

"एक पाचवी होती, तिला डाग होता, ती टाकली."

शिडीनं पँट हातात घेऊन कापलेली कड चाचपली. पावडरताईला वाटलं आता ही फुटणार. पण तिच्या खांद्यांना हिसके बसायला लागले आणि ते हसण्याचे होते. "अठरा वर्षं माझ्याबरोबर काढली ह्यानं. पाय गेले तर दुःख केलं, रात्रंदिवस उशाशी बसला. आणि पँट सोडल्या नाहीत!"

"ताई, हात पसरा," पावडरताई म्हणाली.

शिडीनं खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही हात पसरले. लांबच लांब हात, बोटांच्या टोकांपर्यंत ताणलेले. मास्तरांनी एक टोक धरलं, पावडरताईनं दुसरं. एकशे अठ्ठ्याहत्तर. तक्त्यात पन्नास.

"एक बोट कमी करून एकोणपन्नासच्या आत घेऊ," मास्तर म्हणाले. "तोल राहतो. पडायची भीती नाही."

"पन्नास."

"बाई, पडाल."

"पडले तर माझ्या उंचीवरून पडेन की. दुसऱ्याच्या कशाला?"

मास्तरांनी पावडरताईकडं बघितलं. पावडरताईनं चौथा कन्स्ट्रक्टर उघडला आणि शिडीपुढं सहीसाठी कागद सरकवला.

सोमवारी नळ्या तयार झाल्या. पावडरताई तोवर प्लास्टरच्या खोलीत परत गेली होती, कोपरापर्यंत पांढरी. कॉम्प्युटरच्या खुर्चीत कुणीतरी चकचकीत शर्टवाला बसला होता आणि नोंदणीवालीला विचारत होता की ही जुनी पँट काय भानगड आहे. दाराच्या फटीतून ते तिला ऐकू येत होतं. तिला वाईट वाटत होतं. उगाच खोटं कशाला सांगा. खूप वाईट वाटत होतं.

"ओ पावडरताई! इकडं या," मास्तरांनी हाक मारली.

ती हात पुसत गेली. दांड्यांच्या मधे शिडी उभी होती. हात दांड्यांवर होते, पण नुसते टेकवलेले. नवरा शेजारी मान वर करून बघत होता आणि त्याच्या तोंडावर कुरकुर आणि आनंद यांची खिचडी झाली होती. "गेलो पुन्हा खाली," तो पुटपुटला.

"टक्कल वाढलंय तुझं," शिडी त्याला म्हणाली. "बोटभर. आठ महिन्यांत."

एक पाऊल. डगमगली. मास्तरांचा हात पुढं आला, तिनं तो मानेनंच नको म्हटला. दुसरं पाऊल. तिसरं. दांड्या संपल्या, तिथं पावडरताई उभी होती. शिडी तिच्यासमोर येऊन थांबली आणि सवयीनं, धंद्याच्या नजरेनं, वरून खाली तिच्या डोक्याकडं बघितलं.

"हे केस कुणी कापले?"

"का?"

"मागून डावी बाजू दोन बोटं आखूड आहे. कुणी कापले?"

पावडरताईनं पांढऱ्या हातानं मागं चाचपलं. "मीच."

"वाटलंच," शिडी म्हणाली. तिनं एका हातानं दांडी धरली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी करून त्या आखूड बटेला लावून बघितली, किती खाली यायला हवं त्याचा अंदाज घेत. "हलू नका. आधी नीट बघू दे."